का-पंधरा

"गुडघा?" मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पाळण्यात झोपलेली केतकी दचकली आणि तिच्या दोन्ही मुठी वर गेल्या.

मी श्वास रोखला. पाळण्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती. दोन झोके दिले, तीन दिले. मुठी हळूहळू खाली आल्या. छाती वरखाली होतेय ना, ते नेहमीप्रमाणे दहापर्यंत मोजून पाहिलं आणि मगच पुन्हा पुस्तकावर वाकले. पान दोनशे पंचवीस, पहिलीच ओळ : 'गुडघ्यावर हात ठेवून यमू पायरी चढली.'

ही ओळ मी त्या आठवड्यात चार वेळा वाचली होती. चारही वेळा पुढं काय होतं याच्या धास्तीनं तिच्यावरून सरकत गेले होते. आज पहिल्यांदा थांबले. यमू सव्वीस वर्षांची. पेंढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन ओढा ओलांडणारी बाई. ती एस.टी.ची पायरी चढताना गुडघ्यावर हात कशाला ठेवेल? आणि पान उलटलं तर काय, गाडीत एक तरुण उठून तिला आपली जागा देतो. सव्वीस वर्षांच्या बाईला!

शनिवारची दुपार होती. रविवारी पाच वाजता मला सगळ्या गावासमोर उभं राहून या यमूचा बचाव करायचा होता, आणि माझ्याकडं मांडायला एक वाक्यसुद्धा नव्हतं.

एकोणीसशे शहाण्णव साल. लग्न होऊन मी नांदणगावात आले त्याला दोन वर्षं झाली होती. सुरेश साखर कारखान्यात केमिस्ट. गळीत हंगामात त्यांची पाळी बदलत राहायची, त्यामुळं घरात बहुतेक वेळ मी आणि आठ महिन्यांची केतकी. सासू-सासरे लांब, माहेर त्याहून लांब. बी.ए.ला मराठी घेऊन पहिली आलेली मी, आणि माझ्याशी कुणी बोललं तर एकच विषय : बाळाचं वजन वाढतंय का? मग मी वाचनालयाचं कार्ड काढलं आणि मला 'पाचुंदा' भेटला.

पाचुंदा म्हणजे पाच पेंढ्यांची एक मोळी. मनोरमा हुदलीकर नावाच्या बाईंनी उभ्या आयुष्यात पाचच कादंबऱ्या लिहिल्या : पेर, उगवण, राखण, काढणी आणि खळं. पाचही एकाच यमूच्या. ती सात वर्षांची असते तिथपासून सत्तरीपर्यंत. पुस्तकं बाजारात कुठंच मिळत नव्हती. आमच्या वाचनालयात एकच संच होता, कुणीतरी देणगीत दिलेला, आणि गावानं तो वाचून वाचून मऊ केला होता.

पण खरी मजा होती मागच्या कोऱ्या पानांवर. पुस्तकात लिहू नये अशी पाटी भिंतीवर होती, तरी ग्रंथपाल माळवदेकाका म्हणायचे, "छापलेली पानं लेखिकेची, कोरी गावाची." 'पेर'च्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं : 'सुरुवात संथ आहे, चिकाटी ठेवा.' खाली दुसऱ्या अक्षरात : 'ठेवली. पस्तावलो.' त्याखाली : 'दुसरा भाग वाचा, मग तोंड उघडा.' 'राखण'च्या मागं कुणीतरी निकाल दिला होता, 'या भागात लेखिका दमली आहे', आणि लगेच उत्तर : 'लेखिका नाही, तुम्ही दमलात.' मी केतकीला मांडीवर घेऊन ही पानं वाचत एकटीच हसायचे.

'काढणी'च्या मागं मात्र हसायला काही नव्हतं. या चौथ्या भागात यमू आपलं आठ महिन्यांचं पोर शेताच्या बांधावर लिंबाला बांधलेल्या झोळीत ठेवते आणि मिरजेच्या गाडीत बसते. गाडी सुटते. 'यमूनं मागं वळून पाहिलं नाही.' पुढं पंधरा पानं नुसता प्रवास आणि पुस्तक संपतं. मागच्या पानावर गावाचे अभिप्राय : 'कसली आई ही!' 'शेवट भयंकर पण श्रेष्ठ.' 'माझ्या सुनेच्या हातात देऊ नये.' आणि सगळ्यांच्या वर, ठसठशीत हिरव्या शाईत, तीनच शब्द : 'ही आई नव्हे.'

हिरवी शाई गावात एकाच पेनात होती. कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कुंदाताई शेटे.

पंधरा दिवसांपूर्वी 'काढणी' परत करताना मी माळवदेकाकांना सहज म्हणाले होते, "पण यमूच्या बाजूनंही काही असेल ना?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं, टेबलावरची वही ओढली आणि म्हणाले, "नाव सांगा." वर्धापनदिनाला वाचकांचा कौल घ्यायचा होता : यमू दोषी की निर्दोष? दोषी म्हणणारे सगळेच होते. निर्दोष म्हणणारं कुणी सापडत नव्हतं. मला कुणीतरी बाळाच्या वजनाखेरीज काहीतरी विचारलं याच आनंदात मी नाव सांगून मोकळी झाले, आणि तयारीसाठी पुस्तक पुन्हा घरी घेऊन आले.

त्या शनिवारी मी पुस्तक जमिनीवर ठेवलं आणि निरखून पाहू लागले. बाळंतपणापासून मला एक खोडच लागली होती, बारीकसारीक बघण्याची. केतकीच्या नखांचा रंग, कानामागची लाली, लंगोटावरचा डाग. तशीच मी ते पान बघत होते. आणि अगदी खाली डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, मला दिसलं : 'ख-१५'.

हे काय? मी मागं गेले. पान दोनशे नऊ, खाली तोच कोपरा : 'का-१४'. पान एकशे त्र्याण्णव : 'का-१३'. दर सोळा पानांनी एक. का-बारा, का-अकरा, थेट का-एकपर्यंत. आणि शेवटच्या सोळा पानांवर एकदम ख?

का म्हणजे काढणी. ख म्हणजे...

मी उभी राहिले. दोरी अंगठ्याला तशीच होती. पाळण्याला जोरात हिसका बसला आणि केतकी भोकाड पसरून उठली. "रड, रड, बाई," मी तिला उचलून गोल फिरवत म्हणाले, "पण आपल्याला जायचंय!"

चार वाजता वाचनालयाचं दार उघडलं तेव्हा मी पायरीवर होते. कडेवर केतकी, काखेत 'काढणी'.

"काका, 'खळं' द्या. पाचवा भाग. आत्ता!"

"अहो, आधी आत तर या," माळवदेकाका म्हणाले. "'खळं' बाहेर आहे."

"कुणाकडं?"

"माझ्याकडं," मागून आवाज आला. कुंदाताई वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसल्या होत्या. पांढरं पातळ, कडक इस्त्री, खिशाला लावावं तसं हिरवं पेन पर्सच्या पट्ट्याला अडकवलेलं. "उद्या सभेत घेऊन येणार आहे. का गं? बचावाच्या वकिलाला पुरावे सापडत नाहीत वाटतं?"

"एक पान बघायचं होतं, ताई. एकाच पानाचा एक कोपरा."

"घरी आहे पुस्तक. आणि मी विरोधी पक्ष आहे. उद्या बघ." मग त्यांची नजर केतकीवर गेली. "टोपडं घाल तिला. वारं आहे."

मी पदर तिच्या डोक्यावरून ओढला. केतकीबद्दल कुणी काही म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची, त्या महिन्यात तर जास्तच. त्या गेल्यावर माळवदेकाकांना मी तो कोपरा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आयला," ते म्हणाले आणि लगेच म्हणाले, "माफ करा. अहो, हा संच आला तेव्हाच बाइंडिंगला दिलेला, माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी. जसा आला तसा कपाटात गेलाच नाही. म्हणजे गावात कुणीही..."

"बांधला कुणी?"

"मोमीनचाचांनी. पण वैजयंतीवहिनी, पाळण्यातलं पोर घेऊन बाजारात कुठं..."

मी तोवर रस्त्यावर आले होते.

मोमीनचाचांचं दुकान कापडपेठेच्या मागच्या बोळात. दुकान कसलं, एक ओटा, पुस्तकं दाबायचा एक लाकडी शिकंजा आणि खळीच्या वासानं भरलेली खोली. चाचा सत्तरीचे, दाढीला मेंदी लावलेली. मला बघून त्यांनी आधी सुया उचलून डबीत टाकल्या.

"बसा ताई. लेकरू हितं गादीवर सोडा. काय फाटलं?"

"फाटलं काही नाही, चाचा. हे तुम्हीच बांधलंय का, बघा."

त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. पाठीवर बोट फिरवलं, मग फटीत डोकावून शिवण पाहिली. "माजाच दोरा हाय. लाल-पांढरा पीळ आमच्याबिगर कोन घालत न्हाई. अठरा वर्सं झाली आसतील. दोन होती आशी, एकाच मापाची. शेवटचं जुज दोन्हीचं सुटलेलं. एका पिशवीत घालून आनून दिली होती."

"जुज म्हणजे?"

"ह्यो गठ्ठा. सोळा पानं घडी घालून जुज हुतं. छापखानेवाले फॉर्म म्हन्त्यात." त्यांनी शेवटच्या सोळा पानांवर टिचकी मारली. "कसं, कुठं उसवलं न्हाई ना?"

मी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "चाचा, इथं 'ख' आहे. याच्या आधीच्यावर 'का'. दोन्ही पुस्तकांची शेवटची जुजं एकमेकांत गेलीत, हो ना?"

चाचांनी पुस्तक उजेडाकडं नेलं. केतकीनं खळीच्या डब्यात हात घातला होता. मी तो काढून पुसत होते तेव्हा ते हळू आवाजात बोलले.

"ह्यो पंधरा हाय. ह्ये कळतंय. त्येच्या आधीचं काय हाय, ते मला म्हाईत न्हाई."

मी वर पाहिलं.

"आकडं वळकतो मी, ताई. एकपासून हजारापत्तुर. अक्षर न्हाई. उर्दू बी न्हाई, मराठी बी न्हाई. चौदावर पंधरा लावला, पान दोनशे चोवीसवर दोनशे पंचवीस आलं. बराबर दिसलं. दुसऱ्याचं बी तसंच." त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "पन्नास वर्सं गावाची पुस्तकं बांधली. कुनाला ठावं न्हाई."

"कळणारही नाही," मी म्हणाले. "उद्या मी कुणाचंच नाव घेणार नाही. फॉर्म सुटले, बदलले, एवढंच सांगेन."

"पन त्या पुस्तकात हुतं काय आसं? लोकास्नी काय वंगाळ वाटलं काय?"

मी सांगितलं. यमू कोण, झोळी कुठं, गाडी कुठली. गावानं तिला काय काय म्हटलंय तेही. चाचा ऐकत होते आणि हातातला दोरा बोटाभोवती गुंडाळत होते.

"आनि खऱ्या पानांत? ती परत येती?"

"ते दुसऱ्या पुस्तकात आहे, चाचा. पाचव्या भागाच्या शेवटी म्हातारी यमू गाडीपाशी उभी असते आणि एकदम तिला स्वप्न पडतं, ती धावत झोळीकडं जाते. सगळे त्याला स्वप्नच म्हणतात. मला वाटतं ते स्वप्न नाहीच."

"वाटतं न्हवं," चाचा म्हणाले. "बघा. बघून सांगा."

रविवारी सुरेश कारखान्यावर, म्हणून केतकी माझ्याबरोबर. वाचनालयाच्या सभागृहात सतरंज्या कमी पडल्या होत्या, बायका खिडक्यांच्या कठड्यांवर बसल्या होत्या. एवढी माणसं एका पुस्तकासाठी! मला हसू फुटत होतं. सभा अजून सुरू व्हायची होती, तोवर गल्लीगल्लीतले अभिप्राय हवेत उडत होते.

"मी म्हणते, तिसऱ्या भागावर थांबायला हवं होतं बाईंनी."

"तिसऱ्यावर? अहो, पहिला तरी कशाला लिहायचा मग!"

"माझं ऐका, पाचवा आधी वाचायचा आणि मग चौथा. म्हणजे राग येत नाही."

कॉलेजचे प्राध्यापक हर्षे अध्यक्ष होते. ते म्हणाले, "चौथ्या भागाचा शेवट ही लेखिकेची सर्वांत धाडसी झेप. गुडघ्यावर ठेवलेला हात पाहा. सव्वीस वर्षांच्या स्त्रीचा गुडघा दुखतो का? नाही. तो अपराधाचा भार आहे. आणि पाचव्या भागात तर हुदलीकरबाईंनी काळाची सरळ रेषाच मोडली आहे. मी यावर लेख लिहिला आहे."

मग कुंदाताई उठल्या. त्यांच्या हातात 'खळं' होतं. कागद नव्हता, त्यांना लागायचाही नाही.

"मी जास्त बोलणार नाही. अंगावर पिणारं पोर आहे. ते झोळीत ठेवून ही बाई गाडीत बसते. पंधरा पानं प्रवास करते. पंधरा पानांत तिला पोराची भूक एकदाही आठवत नाही? आणि चोळी कधी भिजते? पाचव्या भागात! म्हातारपणी, स्वप्नात!" त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "स्वप्नात भिजून काय उपयोग? त्या दिवशी भिजायला हवी होती. त्या दिवशी!"

दुसऱ्या 'त्या दिवशी'ला त्यांचा आवाज चिरला. पाणी प्यायला म्हणून त्या खाली बसल्या. टाळ्या थांबेचनात.

"आता बचाव," हर्षेसर म्हणाले.

मी उठले. केतकीनं माइकची वायर धरली, सभागृह हसलं. मी वायर तिच्या मुठीतून सोडवली.

"मला बचाव करायचा नाही," मी म्हणाले. "कुंदाताईंना एक विनंती आहे. तुमच्या 'खळं'मधलं पान दोनशे पंचवीस उघडाल का? मजकूर नको. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक काय छापलंय, तेवढंच वाचा."

"हे काय कोर्ट आहे का?" त्या म्हणाल्या, पण पान उघडलं. चष्मा कपाळावर सरकवून पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "का. पंधरा."

मी माझं पुस्तकही उघडलं. "आता त्याच्या मागचं. दोनशे नऊ."

"ख. चौदा." त्या थांबल्या. शिक्षिका होत्या, पुढचं मला सांगावंच लागलं नाही. त्यांनी स्वतःच पानं मागं टाकली. "ख-तेरा. ख-बारा..." मग माझ्याकडं पाहिलं. "तुझ्याकडं?"

"शेवटच्यावर ख-पंधरा."

सभागृहात आधी कुजबुज, मग गलका. मी सांगत गेले : सोळा-सोळा पानांचे फॉर्म, दोन पुस्तकं एका मापाची, दोन्हींचा शेवटचा फॉर्म सुटलेला, दोन्हीकडं दोनशे चोविसावं पान पूर्ण वाक्यावर संपलेलं आणि नशिबानं दोन्हीकडं एस.टी.च उभी. शेवट अदलाबदल झाले होते. गावात एकानंही खरा 'पाचुंदा' वाचलेला नव्हता.

"अशक्य," हर्षेसर म्हणाले. "काळाची रेषा मोडण्याचं तंत्र..."

"सर, रेषा नाही," माझ्या तोंडून गेलं. "शिवण."

असा हशा उसळला की केतकीही टाळ्या वाजवू लागली. सरांचे कान लाल झाले. "कोण गाढव बाइंडर होता तो?" ते ओरडले.

मी उत्तर देणार नव्हते. पण दाराजवळून कुणीतरी उठलं.

"मी हुतो, सायेब." मोमीनचाचा. धुतलेला सदरा, हातात टोपी. "मला आकडं येत्यात, वाचाया येत न्हाई. पंधराला पंधरा जोडला. चूक माजी हाय. माज्या चुकीनं त्या बाईवर अठरा वर्सं आळ हाय, त्यो आज काढा."

मग माळवदेकाका उठले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची चाचांसाठी पुढं आणून ठेवली. "वाचा कुणीतरी!" ते म्हणाले. "चौथ्याचं दोनशे चोवीस आणि लगेच पाचव्यातलं दोनशे पंचवीस. कधीचं ताटकळत ठेवलंय सगळ्यांना!"

मी माझं पुस्तक कुंदाताईंच्या पुढ्यात ठेवलं. त्या वाचतील असं वाटलं नव्हतं. पण त्या उभ्या राहिल्या, दोन्ही पुस्तकं दोन हातांत धरली आणि वर्गात वाचावं तशा खणखणीत आवाजात वाचू लागल्या.

"'मिरजेची गाडी धुरळा उडवत आली. कंडक्टरनं दार उघडलं. येताय का बाई?'" डावा हात खाली, उजवा वर. "'यमू चढली. खिडकीशी बसली. गाडी हलली आणि ओढ्याच्या पुलापाशी आली तेव्हा चोळी ओली लागली. कुठं जायचं, कंडक्टरनं विचारलं. यमूला गावाचं नाव आठवेना...'"

त्या थांबल्या. पुस्तकातली ओळ त्यांना पाठ होती, शंभरदा वाचलेली होती. तरी त्या थांबल्या. मग पुस्तक माझ्यापुढं केलं. "पुढचं तू वाच. मला चष्मा सापडत नाहीय."

चष्मा त्यांच्या कपाळावरच होता.

मी वाचलं. यमू गाडी थांबवते, उतरते, ओढ्यातून पळत सुटते. झोळी तशीच. पोर झोपलेलं. 'किती वेळ गेला होता? झोळीची सावली खोडापासून हातभर सरकली होती, तेवढाच.' माझा आवाज कसा लागला ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की वाचता वाचता मी केतकीला इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरली.

कारण माझी सावलीसुद्धा सरकली होती. त्या रविवारच्या तीन आठवडे आधी. दुपारी दोन वाजता केतकी झोपली होती. मी दाराला बाहेरून कडी लावली आणि चालत स्टँडवर गेले. पिशवी नाही, पैसे नाहीत. समोर मिरजेची गाडी होती, तिच्यात बसले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. रडू येत नव्हतं, राग नव्हता. फक्त कुणीतरी मला कुठंतरी न्यावं असं वाटत होतं. कंडक्टर म्हणाला, "कुठं, ताई?" मला एकाही गावाचं नाव आठवेना. मी उतरले. घरी पोचले तेव्हा केतकी तशीच झोपली होती, गालावर एक माशी बसलेली. पंचवीस मिनिटं. मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, सुरेशनासुद्धा. आणि त्याच आठवड्यात मी 'काढणी' वाचायला घेतली होती, आणि गावाचे सगळे अभिप्राय मला एकटीला लिहिलेले आहेत असं मला वाटत होतं.

वाचून झालं. कौल मागायची गरजच उरली नाही, हात आपोआप वर गेले. फक्त खिडकीच्या कठड्यावरून एक ठसकेबाज आवाज आला, "मला बाई आधीचाच शेवट आवडायचा! जाऊ द्यायची की एकदा तिला."

"ती जातेच की, काकू!" माळवदेकाका आनंदानं नाचायचे बाकी होते. "पाचव्याचा खरा शेवट तोच! पोरं मोठी झाल्यावर, सत्तराव्या वर्षी, गुडघ्यावर हात ठेवून! आणि मागं वळून बघत नाही!"

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या, आणि सभा बरखास्त झाली असं कुणी जाहीर करायच्या आधीच सगळे एकमेकांशी भांडायला लागले, आता चौथा भाग श्रेष्ठ की पाचवा.

दुसऱ्या दिवशी चाचा दोन्ही पुस्तकं उसवायला न्यायला आले. "मागची लिवलेली पानं टाकू का ठिवू?" त्यांनी विचारलं.

"ठेवा," मी म्हणाले. "एक मिनिट थांबा फक्त." आणि पेन्सिल घेऊन 'काढणी'च्या मागच्या पानावर, अगदी खाली उरलेल्या जागेत लिहिलं : 'मीही परत आले.' नाव घातलं नाही. चाचांसमोर लिहिताना भीती वाटली नाही.

त्यानंतर मी ते पुस्तक उघडलं नाही. कुंदाताई रस्त्यात भेटल्या की केतकीच्या टोपड्याची चौकशी करायच्या, पुढं तिच्या मार्कांची. 'पाचुंदा'चा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. केतकी नववीत असताना त्या गेल्या.

केतकी कॉलेजात गेली त्या सुट्टीत एकदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून वाचत होती. मी भाकरी थापत होते.

"आई, हे 'काढणी'च्या मागं कुणी लिहिलंय गं? 'मीही परत आले.' अक्षर तुझ्यासारखं आहे."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. "असेल कुणाचं तरी."

"आणि खाली रांगच लागलीय. 'मीही.' 'मीही.' 'मीही, दोनदा.'" ती हसली. "कुठून परत आल्या या सगळ्या?"

मी हात पुसले आणि पुस्तक घेतलं. चाचांनी ते पान जपून चिकटवलं होतं, खाली नवा कोरा कागदही जोडला होता. गावाला जागा पुरावी म्हणून असेल. सहा-सात जणींची अक्षरं होती, सगळी पेन्सिलीची, एकही ओळखीचं नाही. आणि माझ्या ओळीच्या लगेच खाली, सगळ्यांच्या आधी, ठसठशीत हिरव्या शाईत :

'मीही. मिरज गाडी. १९६३.'

वर 'ही आई नव्हे' तसंच होतं. त्यांनी ते खोडलं नव्हतं.

"आई, भाकरी करपली!"

"करपू दे," मी म्हणाले. "बस इथं. तुला एक सांगायचंय."